मोटार घेण्यापूर्वीचा हिशेब

(शास्त्रपाठ : लूक १४ : २८–३० व याकोब २ : १–४)



आज आम्ही ज्या विषयाकडे तुमचे लक्ष वेधू इच्छितो, तो ऐकून कोणास वाटेल की हा उपदेशाचा विषयच नव्हे. मोटार घ्यावी की न घ्यावी, आणि घेतल्यास ती कितीची घ्यावी, हे ज्याच्या त्याच्या घरचे पाहणे आहे. त्यात पाळकाने का पडावे? परंतु आपल्या प्रभूने घरच्या हिशेबाचा विषय कधी हलका लेखिला नाही. हरवलेले नाणे, पिठात कालविलेले खमीर, द्राक्षमळ्यातील मजुरांची रोजमजुरी, धन्याने चाकरांच्या स्वाधीन केलेले पैसे, अशा रोजच्या व्यवहारांवरूनच त्याने लोकांस देवाच्या राज्याच्या गोष्टी समजाविल्या.

वरील पहिल्या पाठात बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. पाया घालण्यापूर्वी त्याने खाली बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर काम अर्धवट राहून पाहणारे त्याची थट्टा करतील, असे प्रभू तेथे सुचवितो. हा दाखला शिष्यपणाच्या किमतीविषयी दिलेला आहे हे खरे. तथापि ज्याला आपल्या घरचा हिशेब बसून करता येत नाही, त्याला आत्म्याचा हिशेब करणेही कठीण जाते, असे आमच्या पाहण्यात आले आहे. शिवाय एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या दाखल्यात बुरूज अर्धा सोडणाऱ्याची थट्टा होते. आपल्या गावांत आज जो बुरूज बांधावयास घेतच नाही, त्याची थट्टा होते. "अमक्याच्या दारात गाडी आली, तुमच्या दारात केव्हा येणार?" हा प्रश्न ज्या घराला विचारला जातो, त्या घरातील मनुष्य खाली बसून हिशेब करीत नाही, तो उठून कर्जाच्या कचेरीत जातो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे आमच्या बोलण्याचा विपर्यास होणार नाही. मोटार बाळगणे हे पाप नव्हे. रात्री बाळंतिणीस तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविणारी जीप आम्ही पाहिली आहे, आणि तिच्याबद्दल देवाचे आभारही मानिले आहेत. भाजीपाला बाजारात नेणारा, भाड्याने गाडी चालवून घर पोसणारा, अपंग आईस उपासनेला आणणारा, ह्यांची गाडी हे त्यांच्या हातातील हत्यार आहे. सुताराला जसा रंधा, तशी ती त्यांना. आमचे बोलणे आहे ते निराळ्या गाडीविषयी. जी मिळकतीच्या मानाने भारी आहे, जिच्यावाचून काम अडत नव्हते, आणि जिच्यासाठी घरातील दुसरी एखादी अधिक जरुरीची गोष्ट मागे सारली गेली, त्या गाडीविषयी आम्ही बोलत आहो.

आता आपण खाली बसून हिशेब करू. समजा, एका कुटुंबात नवराबायको मिळून महिन्याला ३५,००० रुपये मिळवितात. शोरूममध्ये ज्या गाडीची किंमत ९ लाख सांगितली, ती त्यांना पसंत पडली. महाराष्ट्रात अशा पेट्रोलच्या गाडीवर एकरकमी मार्ग-कर शेकडा ११ भरावा लागतो, तो ९९,००० रुपये झाला. विमा व नोंदणी मिळून खर्च साडेदहा लाखांच्या आसपास जातो. अडीच लाख रुपये घरातील सोने मोडून व ठेव काढून उभे केले, आणि ८ लाखांचे कर्ज दरसाल शेकडा १० व्याजाने ७ वर्षांसाठी काढिले. तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,२८० रुपये येतो. सात वर्षांत मिळून ११ लाख १५ हजारांहून अधिक फेडावे लागते. म्हणजे तीन लाखांहून अधिक नुसते व्याज. हप्त्यावर पेट्रोल, दुरुस्ती व दरवर्षीचा विमा चढविला, म्हणजे मिळकतीचा अर्धा भाग गाडीपायी जातो. उरलेल्या अर्ध्यात पोटापाण्याचा, औषधाचा, शाळेचा, लग्नकार्याचा व देवाच्या कार्याचा भाग बसवावयाचा आहे.

आता तेच कुटुंब पाच वर्षांनंतर पाहा. तोवर त्यांनी हातचे अडीच लाख व हप्त्यांचे सुमारे आठ लाख, असे जवळजवळ साडेदहा लाख रोख दिले आहेत, आणि कर्जापैकी अजून २ लाख ८८ हजारांच्या आसपास देणे उरले आहे. गाडीची किंमत किती राहिली? आपल्या देशात मोटारीचा विमा उतरविताना वयोमानाने किंमत कमी धरण्याचे जे कोष्टक चालत आले आहे, त्यात पहिल्या सहा महिन्यांतच शेकडा ५ कमी होतात, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, आणि पाचव्या वर्षी किंमत निम्मी धरिली जाते. म्हणजे नऊ लाखांची गाडी साडेचार लाखांची झाली. ती विकून कर्ज वारले तर हातात एक लाख ६२ हजार येतील. साडेदहा लाख दिले आणि एक लाख ६२ हजार उरले. मधले पावणेनऊ लाखांहून अधिक रुपये कोठे गेले, हे त्या घरात कोणी विचारीत नाही, कारण ते एकदम न जाता दरमहा थोडेथोडे गेले.

असा व्यवहार मनुष्य का करितो? केवळ अडाणीपणामुळे करितो असे म्हणावे, तर शिकलेले लोकही तो करितात; किंबहुना पगाराची चिठ्ठी पाहून कर्ज देणारे आधी त्यांनाच गाठतात. ही गोष्ट नवी नाही, आणि केवळ आपल्या देशाचीही नाही. अमेरिकेत हेन्री फोर्ड ह्याने १९०८ साली काढिलेली मोटार ८५० डॉलरला होती, ती १९२५ च्या सुमारास तीनशे डॉलरच्या आत आली. तिच्या योगे साधा शेतकरी व मजूर मोटारीत बसू लागला. परंतु दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने, जनरल मोटर्सने, ओळखिले की मनुष्य नुसत्या वाहनावर समाधान मानणारा नव्हे. तिने १९१९ साली हप्त्याने मोटारी देण्यासाठी कर्जाची निराळी संस्था काढिली, आणि पुढे दरवर्षी नवे रूप व शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत चढत्या पायऱ्या लोकांपुढे मांडिल्या. मनुष्याने ज्या पायरीवर उभे राहावे, तेथून वरची पायरी त्यास दिसावी, अशी ती योजना होती.

तिचे फळ काय झाले, हे रॉबर्ट व हेलन लिंड ह्या दांपत्याने इंडियाना संस्थानातील मन्सी ह्या गावात १९२४ व १९२५ साली राहून बारकाईने पाहिले व १९२९ साली प्रसिद्ध केले. अगदी मोडकळीस आलेल्या घरांत राहणाऱ्या २६ मोटारधारक कुटुंबांकडे त्यांनी चौकशी केली, तेव्हा २१ घरांत न्हाण्याचा टबदेखील नव्हता. मोटारीसाठी घर गहाण टाकणारे लोक त्यांस आढळले. कपड्यांवाचून राहू, पण मोटार सोडणार नाही, अशा अर्थाचे बोलणारी आईही आढळली. ते गाव देवळांचे व शाळांचे होते. तरी तेथेही खर्चाचा क्रम उलटा झाला.

आपल्या देशातील उदाहरण तर तुमच्यापैकी पुष्कळांस आठवत असेल. टाटांच्या कारखान्याने २००९ साली सुमारे एक लाख रुपयांची नॅनो मोटार बाजारात आणिली. दुचाकीवर नवरा, बायको व दोन मुले पावसात भिजत जाताना पाहून रतन टाटा ह्यांच्या मनात ही कल्पना आली होती. हेतू चांगला होता, आणि गरज तर लाखो घरांत होती. तरी ती गाडी अपेक्षेप्रमाणे खपली नाही, आणि २०१८ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ह्याची कारणे अनेक होती. परंतु सर्वांत स्वस्त मोटार अशी तिची ओळख पाडली गेली हे चुकले, असे स्वतः रतन टाटा ह्यांनीच पुढे सांगितले. ह्याचा अर्थ काय? ज्याला पावसापासून आडोसा पाहिजे होता, त्यालाही "स्वस्तातली गाडी घेणारा" हे नाव नको होते. मनुष्य शोरूममध्ये जातो तेव्हा त्याला चार चाकांबरोबर आणखी एक वस्तू विकत घ्यावयाची असते. ती वस्तू म्हणजे मान.

येथे आम्ही दुसऱ्या पाठाकडे येतो, आणि आमच्या बोलण्याचा मुख्य मुद्दाही हाच आहे. याकोब आपल्या पत्रात एका सभेचे चित्र दाखवितो. सोन्याची अंगठी व उंची वस्त्रे घातलेला मनुष्य आत आला तर त्याला चांगली जागा देतात, आणि मळक्या कपड्यांतील गरिबाला उभे राहावयास किंवा पायांजवळ बसावयास सांगतात. याकोब त्या श्रीमंतास दोष देत नाही, हे ध्यानात घ्या. तो सभेला दोष देतो. अंगठी घालणाऱ्याने अंगठी घातली. परंतु अंगठीला मान देण्याचे काम मंडळीने केले.

बंधूंनो, आपल्या मंडळ्यांत काय चालते? आम्हांस ठाऊक असलेल्या एका गावी कापणीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी देवळासमोर एक नवी मोटार येऊन उभी राहिली. पंचांपैकी दोघे उठून बाहेर गेले, मालकास हात धरून आत आणिले, आणि पहिल्या बाकावरील मुले उठवून त्यास बसविले. त्याच दिवशी एक विधवा बाई एसटीने आली होती. ती बाजारात भाजी विकते, आणि त्या भाजीच्या पैशांवर तिने आपल्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविले आहे. तिला दाराशी सतरंजीच्या कडेला जागा मिळाली. तिच्या मुलीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे त्या दिवशी कोणी वाचून दाखविले नाही; मोटारीवर मात्र हार घालून प्रार्थना झाली.

आणि मोटारवाल्या बंधूंच्या घरी पुढे काय झाले, तेही ऐका. त्यांची मुलगी बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती, व तिलाही बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमास जावयाचे होते. हप्ते चालू आहेत, एक वर्ष थांब, असे तिला सांगण्यात आले. वर्ष संपले, तेव्हा हप्ते चालूच होते. आणि त्यानंतर तिचे लग्न ठरविण्यात आले. तो मनुष्य वाईट नव्हे. तो आपल्या मुलीवर माया करितो. त्याने फक्त ज्या बाजूला मान दिसला त्या बाजूला पैसा घातला. आणि मान कोणत्या बाजूला आहे, हे त्याला त्याच्या मंडळीने शिकविले होते. म्हणून आम्ही म्हणतो की त्या गाडीच्या कर्जाला कागदावर जामीन कोणीही राहिला असो, खरा जामीन मंडळीच राहिली होती. आणि कर्ज फेडिले ते त्या मुलीने.

आपल्या वाडवडिलांनी मान कोठे शोधिला होता, हे विसरू नका. त्यांना गावच्या शाळेत आत बसू देत नव्हते; विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. त्यांच्यापाशी जमीन नव्हती आणि जनावरही क्वचितच असे. तेव्हा त्यांनी पाटी हातात घेतली. अहमदनगर येथे मिस सिंथिया फरार ह्या मुलींची शाळा चालवीत. ती शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांच्या मनावर परिणाम झाला, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली. फुले ह्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग जातीची मुलगी. थोड्याच वर्षांच्या शिक्षणावर तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. त्या काळी पुण्याच्या रस्त्यांतून मोठमोठ्या लोकांच्या बग्ग्या व मेणे जात असतील; त्यांतील एकाचेही आज कोणास स्मरण नाही. त्या मुलीचा निबंध मात्र आज १७० वर्षांनंतरही वाचिला जातो. विद्येवर पाचव्या वर्षी निम्मी किंमत धरण्याचे कोष्टक लागू होत नाही. उलट परिचारिका झालेली मुलगी पाच वर्षांनी अधिक मिळविते, धाकट्या भावंडांस वर ओढिते, आणि तिची मुले शाळेबाहेर राहत नाहीत.

तर मग खर्चाचा क्रम कसा असावा? आम्ही नियम घालून देत नाही. परंतु ज्याने विचारिले त्याला आम्ही असे सांगतो. पहिल्याने, जे दुसऱ्याचे आहे ते द्यावे : जुने कर्ज, दुकानदाराची उधारी, मजुराची मजुरी. हे देणे राहिले असता नवे कर्ज काढणे म्हणजे शेजाऱ्याच्या पैशाने मोटार घेणे होय. दुसऱ्याने, देवाच्या कार्याचा भाग व गरिबांचा भाग वेगळा ठेवावा. तिसऱ्याने, मुलांचे शिक्षण. आणि त्यात मुलगा व मुलगी असा भेद करू नये. चौथ्याने, आजारपणासाठी व पाऊस न झाला तर म्हणून निदान सहा महिन्यांची शिल्लक. एवढे झाल्यावर ज्याला कामासाठी किंवा घरच्या सोयीसाठी गाडी पाहिजे, त्याने ती आनंदाने घ्यावी. मिळकतीला झेपेल अशी घ्यावी. पुष्कळदा तीनचार वर्षे वापरलेली गाडी, कागदपत्रे व यंत्र जाणत्याकडून तपासून घेतली, तर अधिक शहाणपणाची ठरते, कारण किमतीची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. आणि लग्नात जावयास गाडी देण्यासाठी कर्ज काढू नये. वरपक्षाने मागितली, तर ती हुंड्याचीच मागणी होय; १९६१ पासून ती कायद्याने गुन्हा आहे, आणि देवासमोर तर ती त्याआधीपासूनच अन्याय होती.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस आमची विशेष विनंती आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण सायकलीवर किंवा जुन्या दुचाकीवर पाचसहा गावे फिरता. त्यामुळे तुम्हांला कोणी कमी लेखिले तर मन खट्टू होऊ देऊ नका. परंतु तुमच्या हातात एक मोठा अधिकार आहे, तो ओळखा : मंडळीत कोणाचे नाव मोठ्याने घ्यावे, हे पुष्कळ अंशी तुम्हीच ठरविता. येत्या परीक्षेच्या निकालानंतरच्या रविवारी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव वाचा, त्यांच्या आईबापांस पुढे बोलवा, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करा. ज्याने कर्ज फेडिले, त्याच्यासाठीही उपकारस्तुती करा. गाडीसाठी प्रार्थना मागितली तर अवश्य करा, पण पहिले बाक म्हाताऱ्यांसाठी व आजाऱ्यांसाठी राहू द्या.

आणखी एक काम करा. शिक्षणाच्या सवलतींची माहिती गावापर्यंत पोहोचत नाही, म्हणून पुष्कळ मुली घरी बसतात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला असून तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षापासून, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना सरकारी प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. ज्यांच्या दाखल्यावर ह्यांपैकी वर्ग आहे, त्यांना तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून देण्यास मदत करा. तो उशिरा मिळाल्याने प्रवेशाची तारीख हुकते. ही माफी मिळाली तरी वसतिगृह, खाणावळ, पुस्तके व प्रवास ह्यांचा खर्च घरावर राहतोच. वर सांगितलेल्या १३,२८० रुपयांच्या एका हप्त्यात त्यांपैकी किती भागेल, हे प्रत्येक बापाने आपल्या मुलीला जवळ बसवून एकदा लिहून काढावे.

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभू जेव्हा आपला हिशेब घेईल, तेव्हा आमच्या दारात काय उभे होते हे तो विचारील असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्याने आमच्या स्वाधीन केलेल्या मुलांचे आम्ही काय केले, हे तो विचारल्यावाचून राहणार नाही. म्हणून ज्याने अद्याप सही केली नाही, त्याने आज रात्री खाली बसावे, घरच्या सर्वांना बोलवावे, आणि कागदावर आकडे मांडावे. ज्याने सही केली आहे व जो हप्त्यांखाली वाकला आहे, त्याने लाज धरून लपवू नये. मंडळीतील जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा, आणि गरज पडल्यास गाडी विकून मोकळे व्हावे. त्या दिवशी जो कोणी त्याला हसेल, त्याला मंडळीने गप्प करावे. ती गाडी विकून आलेल्या पैशांतून ज्या मुलीची फी भरली जाईल, तिच्या बापाला मंडळीने पहिल्या बाकावर बसवावे.

आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.